दाराला दोन स्टिकर

“आक्का, थेंब काढा की! साहेबांच्या गाड्या फाटकात आल्यासुद्धा!” डॉक्टर तिसऱ्यांदा दारातून ओरडले.

आक्का फ्रीजपुढून हलेनात. एक कुपी उजेडात धरायची, ठेवायची, दुसरी उचलायची. सव्वीस वर्षं दवाखान्यातल्या लसी त्यांच्या ताब्यात. शाळा चौथीपर्यंतच, पण कुपीवरचा इवलासा चौकोन वाचायला शाळा कशाला लागते? पांढरा असला तर लस जिवंत, काळवंडला की मेली. आज सगळेच काळे.

फ्रीज एका परदेशी संस्थेचा, पोलिओचे थेंब दुसरीचे. शुक्रवारी दोन्हीकडची माणसं आली नि आपापला स्टिकर फ्रीजच्या दाराला डकवून फोटो काढत बसली. “बाई, जरा बाजूला व्हा,” कुणीतरी म्हणालं. आक्कांना अशा मिरच्या झोंबल्या, की तरातरा थेट घरी. रोज जाताना दार दाबून बघायच्या, ते तेवढं राहिलं. एका स्टिकरचा कोपरा रबरात अडकलेला. दोन दिवस सुट्टी, वर हा उकाडा, आणि दार बोटभर उघडं.

“मेलेत हे थेंब.”

“हळू बोला! चाळीस बाया पोरं घेऊन बसल्यात. आजचा दिवस निभावून न्या, महिन्याने परत देऊ.”

“आणि तोवर एखादं लुळं पडलं तर? पाय तुम्ही देणार?”

आक्कांचा आवाज बाहेर गेलाच. व्हरांड्यात दोन्ही संस्थांच्या साहेबलोकांची जुंपली, तीही हसतहसत. फ्रीजवाले म्हणत, थेंबच आधीपासून खराब असतील. थेंबवाले म्हणत, फ्रीजच कुचकामी. चूक कुणाची ते ठरल्याशिवाय नवे थेंब निघणार नव्हते. पहिल्याच बाकावर आक्कांची सून, मांडीवर नात. ‘चुकलं’ हा शब्द आक्कांनी सासूपुढेही कधी काढला नव्हता.

“चूक माझी,” त्या बाहेर येऊन म्हणाल्या. “रागाच्या भरात गेले, दार बघितलं नाही. घ्या लिहून, आणि नवे थेंब आजच्या आज सोडा.”

दोन्ही साहेबांची पेनं एकदमच निघाली. त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

“आई, मग आम्ही जायचं?” सुनेने विचारलं.

“जा. निरोप धाडीन तेव्हा ये.”

बाया उठल्या. “एवढ्या उन्हातून आलो, फुकट!” एकजण तोंडावरच म्हणाली. एरवी आक्कांनी तिची सालटीच काढली असती. आज त्या फाटकाकडे गेल्या. चाळिसावी बाई बाहेर पडेपर्यंत फाटक एका हाताने उघडं धरून, मान ताठ ठेवून उभ्या राहिल्या.