पायी चालणाऱ्यांचा रकाना

"सही इथं करायची, बाई," साहेबांनी बोट ठेवून दाखवलं. "मोजणी तुमचीच आहे ना?"

मोजणी आकडेबाईंचीच होती. नगररचना कार्यालयातर्फे सत्तावीस वर्षं रस्त्याकडेला खुर्ची टाकून वाहनं मोजल्यामुळे त्यांचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. हायवेलगत नवा कारखाना येणार होता. बाराशे माणसांच्या हाताला काम मिळणार होतं. त्याचं फाटक थेट हायवेवर उघडायला हरकत नाही, एवढंच त्या कागदावर म्हणायचं होतं. आकडे चोख होते. बाईंचे आकडे चुकत नसत, आणि हे त्या स्वतःच दिवसातून दोनदा सांगत.

तरी त्यांचं पेन अडलं. तक्त्यात मोटारीचा एक धरायचा, ट्रकचे तीन, बसचेही तीन. त्या बसमधून उतरून सहापदरी रस्ता ओलांडणाऱ्या माणसाला मात्र रकानाच नव्हता. आणि बसथांबा तर पलीकडच्या बाजूला. सत्तावीस वर्षांत त्यांच्या डोळ्यांदेखत हजारो माणसं जीव मुठीत धरून पलीकडे गेली होती, आणि त्यांनी एकही मोजलं नव्हतं. बाईंना स्वतःच्या हुशारीचा पहिल्यांदाच मनापासून राग आला.

"साहेब, उद्या सकाळी माझ्याबरोबर बसनं चला."

"बसनं कशाला? जीप आहे की!"

"जीप या बाजूला थांबते. कामगार त्या बाजूला उतरणार."

साहेब माणूस वाईट नव्हता. वरून फोन येऊन येऊन त्याचे कान किटले होते, एवढंच. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दोघं थांब्यावर उतरले. साहेबांनी एक पाय रस्त्यावर टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. बाई हातातल्या घड्याळाकडे बघत शांत उभ्या. नऊ मिनिटांनी दोघं कसेबसे मधल्या दुभाजकावर पोचले. दोन्ही बाजूंनी ट्रक अंगावर वारा फेकत जात होते, आणि साहेबांनी फाईल छातीशी गच्च धरली होती.

"बाई, आता इथून पुढं कसं जायचं?"

"हेच तुमच्या तोंडून ऐकायचं होतं, साहेब."

त्याच दुपारी बाईंनी अहवाल लिहायला घेतला. फाटक मागच्या जोडरस्त्यावर न्यावं. थांब्यापासून हायवेखालून थेट त्या फाटकासमोर निघणारा भुयारी मार्ग काढावा. तो पुरा होईपर्यंत एकाही माणसाची भरती करू नये.

शेवटच्या ओळीवर साहेब थबकले. "दहा महिने जातील यात. लोक तुम्हाला शिव्या घालतील."

"घालू देत. शिव्या घालायला जिवंत तर राहतील!"

पहिली नाराजी घरातच वाट बघत होती. बाईंचे धाकटे दीर जुन्या गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यापासून ते या कारखान्याकडे डोळे लावून बसले होते. भरतीची वयोमर्यादा होती पंचेचाळीस, आणि पंचेचाळीस पुरी व्हायला त्यांना सहा महिने उरले होते.

"वहिनी, तुम्हाला माझं वय माहीत नव्हतं?"

"माहीत होतं, भाऊजी. लिहायला बसण्याआधीच महिने मोजले होते."

"आणि तरी लिहिलंत?"

"तरी लिहिलं."

"मी पळत ओलांडला असता हो रस्ता!"

"तुम्ही ओलांडला असता. रात्रपाळी करून पेंगत परतणाऱ्या बाईचं काय?"

दीर ताटावरून उठून गेले. बाई स्वयंपाकघरात नळ सोडून रडल्या. फार वाईट वाटत होतं त्यांना. वयाची अट शिथिल करा म्हणून त्यांनी कारखान्याला दोनदा पत्र लिहिलं. दोन्हींना नकार आला. पण अहवालातली ओळ त्यांनी मागे घेतली नाही. दीर एका पंपदुरुस्तीच्या दुकानात लागले. वहिनीशी बोलणं कामापुरतं राहिलं.

अहवाल मंजूर झाला, भुयाराचं काम निघालं, आणि दहाचे अकरा महिने झाले. कारखाना सुरू होण्याच्या दिवशी बाई पहाटेच उठल्या. पट्टी लावून नवा रकाना आखलेला तक्ता त्यांनी पिशवीत घातला. भुयाराच्या दोन्ही तोंडांशी मोजायचं होतं, आणि कार्यालयानं दुसरा माणूस दिला नव्हता. त्या दाराशी आल्या, तर दीर चपला घालून उभे.

"पलीकडच्या तोंडाशी कोण थांबणार आहे?" त्यांनी विचारलं. बाईंनी एक कोरा तक्ता त्यांच्या हातात दिला.

सात वाजता पहिली पाळी लागायची होती. बसमागून बस येत होती. डबे सावरत, एकमेकांच्या टवाळ्या करत माणसं पायऱ्या उतरत होती. डोक्यावरून ट्रक धडधडत होते, आणि खाली कुणी मान वर करूनही बघत नव्हतं. बाई पाचपाचाच्या रेघा ओढत राहिल्या.

भोंगा झाला तशा त्याही भुयारातून पलीकडे गेल्या. दीर शेवटच्या पायरीवर उभे होते. समोर फाटक बंद होत होतं आणि ते त्याच्याकडे बघत होते.

"माझे चारशे सदतीस उतरले," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे किती वर आले?"

दिरांनी रेघा पुन्हा एकदा पहिल्यापासून मोजल्या. मग फाटकावरची नजर न काढता तक्ता वहिनींपुढे धरला.

"चारशे सदतीस," ते म्हणाले. "एकही कमी नाही, वहिनी."