आठ दिवसांचं गवत

"काका, हा रस्ता नक्की आपल्याच गावाला जातो ना?" डेनिसाने तिसऱ्यांदा विचारलं.

"जातो की. थोडा वळसा आहे इतकंच."

"सकाळी नऊला निघालोय आपण. तासाभराचा रस्ता म्हणाला होतात."

"इतक्या लांबून आलीस, तर चार गोष्टी बघून जा. लोक जगाच्या पाठीवरून येतात बघायला."

हसतच म्हणालो, पण पुढचं वळणही गावाच्या उलट दिशेला घेतलं. डेनिसा माझ्या धाकट्या भावाची, तोआदरची एकुलती एक मुलगी. सहा वर्षांची असताना आईबरोबर स्पेनला गेली, ती आता सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा परत येत होती. वडील गेले तेव्हा कागदपत्रांच्या भानगडीत मायलेकींना येता आलं नव्हतं. तिला इथे एकच गोष्ट बघायची होती, वडिलांच्या कबरीवरचा क्रूस. आणि मला नेमका तोच तिला दाखवायचा नव्हता.

आमच्या गावात मेलेला माणूसही गप्प बसत नाही. निळ्या रंगाच्या लाकडी क्रुसावर त्याचं चित्र काढतात आणि खाली त्याच्याच तोंडी कविता लिहितात. चांगलं, वाईट, सगळं. क्रूस कोरणारा म्हातारा नुत्सू मयताच्या घरी येऊन बसतो, दोन पेले घेतो आणि लोक काय बोलतात ते ऐकतो. तोआदर जंगलात तोडलेल्या झाडाखाली सापडून गेला, तेव्हा नुत्सूने मला विचारलं होतं, "गाव्रिला, कसा होता रे तुझा भाऊ?" आम्ही दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. त्याचा मुडदा समोर होता आणि माझ्या पोटातला राग तसाच होता. मी तो सगळा ओकून टाकला. नुत्सूने त्याची कविता केली:

इथे निजलो तोआदर मी,
बाटली जास्त, काम कमी.
भाऊ उन्हात गवत कापी,
मी गुत्त्यात, तिरपी टोपी.
आठ दिवस पडला पाऊस,
गवत कुजले, फिटली हौस.

गाव पोट धरून हसलं. मीही हसलो. पुढे मी पर्यटकांना फिरवायची गाडी घेतली, आणि त्या कबरस्तानात सगळ्यांत जास्त हशा या कवितेलाच मिळतो हे माझ्या लक्षात आलं. कुठे थांबायचं, 'तिरपी टोपी' म्हणताना आपली टोपी कशी तिरपी करायची, सगळं बसवलं होतं मी. भाऊ मेल्यावर अठरा वर्षं माझं पोट भरत होता, असं म्हणा हवं तर.

डेनिसा येणार असं कळलं, तसा गेल्या आठवड्यात नुत्सूकडे जाऊन आलो. म्हटलं, चार ओळी बदल.

"मेलेला बोलला ते बोलला," तो रंधा न थांबवता म्हणाला. "क्रूस कुजला की नवा करतो, तेव्हा ये."

"कधी कुजेल?"

"ओकाचं लाकूड आहे बाबा. तू आधी कुजशील."

म्हणून हा वळसा. आधी तिला विजेच्या खांबावरचं करकोच्याचं घरटं दाखवलं. मग ओढ्यावरचा लाकडी हौद दाखवला, त्यात पाणी वरून कोसळत होतं आणि बायका घोंगड्या धुवायला टाकून गप्पा मारत बसल्या होत्या. मग लाकडी चर्च, मग दोरखंडाची नक्षी कोरलेली दारं. पर्यटकांपुढे करतो ती सगळी बडबड केली. ती बघत होती, पण मधूनच मोबाइलवर वेळ पाहत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुरणात माणसं गवत कापत होती. एक बाई गंजीवर उभी राहून पायाने दाबत होती, खालून नवरा काट्याने गवत वर फेकत होता. हे काम एकट्याने होत नाही. मी तिकडे बघायचं टाळलं.

एका घरासमोर मी पुन्हा गाडी थांबवली. अंगणातल्या वाळक्या झाडाच्या फांद्यांवर रंगीत पातेली टांगली होती, निळी, पिवळी, शेंड्याला एक लाल.

"हे काय?" तिने विचारलं.

"घरात लग्नाची मुलगी आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला कळावं म्हणून. तू इथे असतीस तर तुझ्या बापानेही टांगली असती."

"लोकांना कळलं असतं तर नसती टांगता आली," ती म्हणाली. "म्हणून तर सगळं लपवलं ना."

"काय लपवलं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला माहीत नाही? मला क्षय झाला होता, काका. चार वर्षांची होते. बाबा मला शहरातल्या हॉस्पिटलात घेऊन गेले. आई म्हणाली, गावात कुणाला कळता कामा नये. आजीला नाही, भावाला तर नाहीच. मी तिच्या माहेरी गेलेय असं तिने सगळ्यांना सांगितलं. छाती खराब असलेल्या मुलीला कोण करून घेणार, उद्या कोण पातेली बघून दाराशी येणार. आठ दिवस बाबा माझ्या कॉटखाली झोपले. मला फक्त त्यांची टोपी आठवते, कॉटखालून अर्धी बाहेर आलेली."

किल्लीकडे नेलेला हात मी मागे घेतला.

"कधी? कुठला महिना होता?"

"उन्हाळा. गवताचे दिवस, आई म्हणते. मी वाचणार असं डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी बसमधून उतरून बाबांनी गुत्त्यात जाऊन घेतली. घरी आले ते झिंगतच."

ते मला माहीत होतं. तो झिंगत आला तेव्हा दारात मीच उभा होतो. आठ दिवस पावसाच्या उघडिपीत एकट्याने गवत कापलं होतं, वर रचायला माणूस नव्हतं, आणि पावसाने सगळं काळं केलं होतं. त्या हिवाळ्यात आईची गाय कसायाकडे गेली. "कुठे होतास?" मी विचारलं होतं. "होतो कुठेतरी," तो म्हणाला होता. तोंडाला वास येत होता, मला तेवढा पुरावा पुरला. कान आणि डोळे यांत चार बोटांचं अंतर असतं म्हणतात, मी तर नाकावरच निकाल दिला. त्याने एक शब्द उच्चारला असता तर! पण बायकोला दिलेला शब्द त्याने भावाच्या शिव्या खाऊनही पाळला.

पुढचा रस्ता मी सरळ घेतला. दाखवण्यासारखं पुष्कळ होतं, पण मी कुठेच थांबलो नाही.

कबरस्तानाच्या फाटकाशी गाडी थांबवून मी म्हणालो, "डेनिसा, तुझ्या बापाच्या क्रुसावर जे लिहिलंय ते मी सांगितलेलं आहे. खोटं आहे. मला वाटलं होतं खरं आहे."

ती उतरली आणि माझ्या मागून चालत आली.

क्रुसावर तोआदर टेबलाशी बसला होता, हातात बाटली, डोक्यावर तिरपी टोपी. डेनिसाने कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवत, एकेक शब्द जुळवत कविता वाचली. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं. मग तिने ते परत 'गुत्त्यात'वर नेलं.

"रोज वाचून दाखवता हे?"

"रोज. या दिवसांत दोनदा."

"हसतात?"

"हसतात."

तिने मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली आणि क्रुसाच्या बुडाशी माजलेलं गवत उपटायला लागली. मीही बसलो. बराच वेळ आम्ही दोघं गवत उपटत होतो.

तेवढ्यात एक म्हातारं जोडपं आलं, जर्मन असावं. माझ्या गळ्यातलं गाइडचं ओळखपत्र बघून बाईने क्रुसाकडे बोट केलं. इथे काय लिहिलंय, ते गमतीचं आहे असं ऐकलं होतं त्यांनी.

मी डेनिसाकडे बघितलं.

"सांगा ना, काका," ती वर न बघता म्हणाली.

मी उभा राहिलो. टोपी काढून हातात घेतली.

"इथे लिहिलंय," मी म्हणालो, "की याची चार वर्षांची मुलगी आजारी होती. हा आठ दिवस तिच्या कॉटखाली झोपला, आणि कुणाला सांगितलं नाही."

दोघांनी मान हलवली. पुढे काहीतरी हसण्यासारखं येईल म्हणून थोडा वेळ थांबले. मग बाईने हळूच नवऱ्याचा हात ओढला आणि ती दोघं शेजारच्या क्रुसाकडे गेली.