जमीन कोणी दिली: कुणालाही बदलता येणाऱ्या लेखाची जबानी

लोकसंख्या दोन हजार तीनशे सत्तेचाळीस.

इथली वांगी आशियात दुसऱ्या क्रमांकाची आहेत.

कुंदन येडा आहे.

जवळचे बंदर: मुंबई.

सरपंच अत्यंत मनमिळाऊ आहेत. (हा परिच्छेद जाहिरातीसारखा वाटतो.)

शाळेसाठी जमीन झुंबर यांनी दिली.

शाळेसाठी जमीन कै. खंडेराव यांनी दिली.

शाळेसाठी जमीन

मित्रांनो, वरची सगळी वाक्यं माझीच आहेत. वेगवेगळ्या दिवशी, पण सारख्याच ठामपणे मी ती बोललो आहे. मी एक जुना लेख आहे. जुना म्हणजे चौदा वर्षांचा. माझ्या जातीत हे म्हातारपणच. इंटरनेटवरच्या एका खुल्या ज्ञानकोशात माझा मुक्काम असतो. माझा विषय खैरओहळ नावाचं गाव, नाशिकपासून चौतीस किलोमीटर. ज्ञानकोश खुला आहे याचं तुम्हाला फार कौतुक असतं, म्हणून खुला म्हणजे काय ते सांगतो. माझ्या डोक्यावर 'संपादन' असं एक बटण आहे. ते दाबलं की कुणालाही माझ्या तोंडात काहीही घालता येतं. रस्त्याकडेच्या रांजणालासुद्धा झाकण असतं. मला तेही नाही.

माझा जन्म नाशिकच्या एका कॉलेजात, संगणकाच्या तासाला झाला. प्रत्येकाने एक लेख लिहायचा असं सरांनी सांगितलं होतं. अमोल नावाच्या विद्यार्थ्याने बसस्थानकावर 'खैरओहळ' अशी पाटी वाचली होती, तेवढ्या अभ्यासावर त्याने मला लिहिलं. 'खैरओहळ हे एक निसर्गरम्य गाव आहे.' अमोल तिथे कधीच गेला नव्हता. खैरओहळला एक नाला, एक मोबाइलचा मनोरा आणि पुष्कळ खडक आहे. पण ते वाक्य आजतागायत कुणी बदललेलं नाही. खोटं मिळमिळीत असलं की फार टिकतं.

त्यानंतरची वर्षं माझ्या उमेदीची. मला लोक विचारू लागले. कोण? तर खैरओहळचेच लोक. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापिका रोहिणीबाई यांनी मुलांना 'माझा गाव' असा प्रकल्प दिला. ज्यांच्या अंगणातून शाळा दिसते त्या मुलांनी शाळा गावाच्या कोणत्या दिशेला आहे ते माझ्यातून उतरवून घेतलं. माझ्यात दिशा चुकली होती. सत्तावीस मुलांनी ती चुकीची लिहिली आणि सत्तावीस जणांना बरोबरची खूण मिळाली. मान वर करून बघितलं असतं तरी चाललं असतं. पण मान वर करण्याला गुण नव्हते.

वांग्यांचं वाक्य कुणीतरी गंमत म्हणून घातलं होतं. नाशिकच्या एका वर्तमानपत्राच्या पुरवणीत ते छापून आलं. मग दुसऱ्या कुणी त्याच पुरवणीचा दाखला माझ्या तळाशी चिकटवला. आता वाक्याला पुरावा झाला. एका चोराने दुसऱ्याला ओळखलं आणि फौजदाराने दोघांना चहा पाजला, असा हा प्रकार.

(याआधी इथे एक चांगली उपमा होती. ती कुणीतरी काढली.)

आता जमिनीचं सांगतो. माझं बाकी सगळं आयुष्य हसण्यावारी नेता येईल, हे नाही.

सुलाबाई एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. नाशिकमध्ये मुलाकडे राहतात. मुलगा धम्मपाल एका ग्रंथालयात लिपिक आहे. खैरओहळ हे सुलाबाईंचं माहेर. तिथल्या शाळेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार, फाटकाशी ग्रॅनाइटची कोनशिला बसणार आणि तिच्यावर जमीन देणाऱ्याचं नाव येणार, एवढं त्यांना गावाकडून कळलं होतं. त्यांनी मुलाला मला उघडायला लावलं. मी ज्या फोनवर उघडा असतो तिथलं सगळं ऐकतो. मला कुणी बंद करत नाही, नुसतं बाजूला ठेवतात.

"काय लिवलंय रे त्यात शाळंचं?"

"काहीच नाही, आई. शाळा आहे, एवढंच."

"मग लिही ना. माझ्या बानं दिली म्हणून लिही. वीस गुंठे. हाडोळ्यातली, आमच्या महारवतनाची."

"लिहितो. पण उद्या कुणी पुसलं तर?"

"पुसंल कसं? पाटी हाय का ती?"

मी पाटीच होतो, आणि ओलं फडकं साऱ्या जगाच्या हातात होतं.

त्याने लिहिलं: शाळेसाठी जमीन झुंबर यांनी दिली. झुंबर म्हणजे सुलाबाईंचे वडील. हे वाक्य माझ्या अंगावर दोन दिवस राहिलं. या दोन दिवसांत मी खरा होतो. कुणाला फरक पडला नाही.

तिसऱ्या दिवशी शेखर यांनी मला उघडलं. शेखर खैरओहळचे, शाळा समितीचे अध्यक्ष, बी-बियाणांचं दुकान चालवतात. खंडेराव त्यांचे आजोबा. दुकानाच्या गल्ल्यावर बसून त्यांनी झुंबर हा शब्द खोडला आणि कै. खंडेराव असा लिहिला. समोर एक गिऱ्हाईक औषधाचा डबा घेऊन उभं होतं.

"काय वाचून राहिले शेखरभाऊ?"

"शाळेचं. आमच्या आजोबांनी जागा दिली होती."

"खरं का? आम्ही नाय ऐकलं कधी."

"हे बघ ना. इंटरनेटवर आहे."

"कुनी टाकलं?"

"ते आपोआप येतं तिथं."

मित्रांनो, आपोआप म्हणजे शेखर यांचा उजवा अंगठा. पण एक गोष्ट कबूल करतो. आजोबांनी जागा दिली असं शेखर यांना त्या क्षणी खरंच वाटू लागलं होतं. स्वतः लिहिलेलं माझ्यावर दिसलं की माणसाला ते दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखं वाटतं. माझी ही एकच करामत आहे आणि तिच्यावर माझं सगळं नाव उभं आहे.

धम्मपालने झुंबर केलं.
शेखर यांनी खंडेराव केलं.
झुंबर.
खंडेराव.
झुंबर.
जेवणाची सुट्टी.
खंडेराव.

असे वीस बदल झाले. शेवटी कुठल्या तरी दूरच्या शहरातल्या एका स्वयंसेवकाने दोघांना थांबवलं. ज्ञानकोशाची राखण करणारी ही माणसं बिनपगारी असतात, त्यांची जात मला कळत नाही. त्याने धम्मपालकडे पुरावा मागितला. धम्मपालने लिहिलं, माझी आई सांगते. उत्तर आलं, आई हा संदर्भ होत नाही. मग त्याने मला दोन महिन्यांसाठी कुलूप लावलं. कुलूप लागलं त्या घटकेला माझ्यावर खंडेराव होते, कारण शेखर यांचा अंगठा चार मिनिटं उशिरा उठला होता. एवढ्यावर ठरलं. जाताना स्वयंसेवकाने वाक्यापुढे चौकोनी कंस घातला आणि त्यात दोन शब्द लिहिले. या वाक्याला आधार सापडलेला नाही, वाचणाऱ्याने जपून वाचावं, असा त्यांचा अर्थ असतो.

शाळेसाठी जमीन कै. खंडेराव यांनी दान दिली [संदर्भ हवा].

पंचाहत्तरीनिमित्त वांगी छापणाऱ्या त्याच पुरवणीत लेख आला. लिहिणाऱ्याने गावात कुणाला फोन केला नाही. मी असताना तो कशाला करील? त्याने खंडेराव घेतले, वांगी घेतली आणि कंस गाळला. कात्रण ग्रामसभेत फिरलं. धम्मपालने शेखर यांना फोन केला.

"शेखरभाऊ, जय भीम."

"जय भीम, जय भीम. बोला धम्मपालजी."

"जमीन माझ्या आजोबांची होती. तुम्हाला माहीत आहे."

"अहो, पुरावा दाखवा, माझं काही म्हणणं नाही. पेपरात आलंय आता."

"पेपरवाल्याने त्या लेखातून घेतलं. लेखात तुम्ही घातलंत."

"म्हणजे दोन ठिकाणी आहे ना?"

सुलाबाई शेजारीच होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हनतो तो?"

"म्हणतो, दोन ठिकाणी आहे."

"अन् जमीन किती ठिकानी हाय, इचार त्याला."

त्याने विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन उभा राहिला. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात गेली की सरकारी वहीत फेरफाराची नोंद होते. ती वही शोधायला त्याला सहा खेपा लागल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते, दुसऱ्या खेपेला किल्ली नव्हती, तिसऱ्या खेपेला कारकुनाने फोनवर मलाच उघडलं आणि म्हणाला, "साहेब, इथं तर खंडेराव लिहिलंय, उगा कशाला वही काढायला लावता?" मी त्या माणसाच्या तळहातावर होतो. दहा पावलांवर वही होती. मला माझीच लाज वाटायला हवी होती. वाटली नाही, लाज हा विभाग माझ्यात नाही.

इकडे शेखर पंचवटीत गेले. तिथे धोंडीराम नावाचे कारागीर दगडावर अक्षरं कोरतात. शेखर यांनी माझी छापील प्रत त्यांच्यापुढे ठेवली. फोन बाकावर होता, मी उघडा होतो.

"एवढं सगळं कोरायचं?" धोंडीराम म्हणाले.

"हिरवी रेघ मारली तेवढं."

"हे कंसातलं बी?"

"जसंच्या तसं, धोंडीरामबाबा. मागं मंदिराच्या फरशीवर तुम्ही एका जणाचं 'आप्पा' गाळलं, ती भावकी अजून एकमेकांकडं पाणी पीत नाही. आपल्याला कटकट नको."

"पण हे हाय काय? संदर्भ हवा म्हंजे?"

शेखर यांनी कागद जवळ धरला. "ते साइटवाले लावतात. मोठ्या लेखांना असतं."

"शिक्क्यागत?"

"हां, तसंच."

धोंडीराम यांचा हात फार चांगला आहे. कंसाचे कोपरे त्यांनी काटकोनात काढले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर कोनशिलेवरचा पडदा सरकवला. रोहिणीबाईंनी भाषणासाठी मला फोनवर उघडं ठेवलं होतं, म्हणून मीही हजर होतो. त्यांनी सातवीतल्या आरोहीला माईकवर कोनशिला वाचायला सांगितलं. शाळेत खणखणीत वाचतात त्या मुलींपैकी ती. तिने सगळं वाचलं.

"शाळेसाठी जमीन कैलासवासी खंडेराव यांनी दान दिली, संदर्भ हवा."

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांनीही वाजवल्या. मग एक एक हात थांबत गेला, कारण दगडावर काय आहे ते लोक आता डोळ्यांनी वाचत होते. गावाने दगडात सोन्याची अक्षरं भरून जाहीर केलं होतं की आम्हाला हे ठाऊक नाही.

शेवटच्या रांगेतून आवाज आला. सुलाबाईंना आमंत्रण नव्हतं, त्या आल्या होत्या.

"हवा ना? मग घ्या."

धम्मपालने पुढे होऊन रोहिणीबाईंच्या हातात फेरफाराची नक्कल दिली. सहाव्या खेपेची. बाईंनी ती आधी मनात वाचली, मग शेखर यांच्याकडे बघितलं, मग माईकजवळ आल्या. सन एकोणीसशे पन्नास. वीस गुंठे. जिल्हा लोकल बोर्डास शाळेकरिता विनामोबदला. देणार झुंबर, निशाणी डावा अंगठा.

"बाई," शेखर हळू म्हणाले, पण माईक चालू होता, "हे कार्यक्रम पत्रिकेत नाही."

"शेखरभाऊ, संदर्भ पत्रिकेत नसतो," बाई म्हणाल्या. सत्तावीस वह्यांवर बरोबरची खूण करणाऱ्या याच बाई. त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा काही बरं वाटलं.

यापुढे कोनशिला बदलली असं मी लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल आणि कुणी तपासायलाही जाणार नाही. कोनशिला बदललेली नाही. पुढच्या आठवड्यात शेखर यांनी कोरलेल्या कंसात रंगाऱ्याकडची लांबी भरून घेतली आणि वर काळा रंग दिला. आता दगडावर नुसते खंडेराव आहेत आणि वाक्याच्या शेवटी एक गुळगुळीत चौकोन. दुसरी कोनशिला बसवायची का, हा विषय समितीच्या तीन बैठकांत 'पुढील सभेत' म्हणून लिहिला गेला. सुलाबाई दर रविवारी विचारतात आणि धम्मपाल सांगतो, अजून नाही.

माझं कुलूप निघालं. धम्मपालने फेरफाराचा क्रमांक घालून वाक्य दुरुस्त केलं. आज मी खरा आहे. उद्याचं मला विचारू नका. परवाच कुणीतरी झुंबर यांच्या आधी 'कथित' घालून गेलं, ते संध्याकाळी निघालं. मधल्या सहा तासांत मला एकशे बारा जणांनी वाचलं. ते कोण होते, कुठे काय लिहायला गेले, मला माहीत नाही.

मित्रांनो, माझ्या जातीचे लेख शेवटी हात जोडतात, आम्हाला जपा म्हणतात. मला जपू नका. मला जपून काही होत नाही, मी दुसऱ्या मिनिटाला दुसरा असतो. तुम्ही मला फुकट वाचता आणि फुकटच्या भावाने विश्वास ठेवता, हा माझा तुमच्यावरचा आरोप आहे. माझ्या डोक्यावर संपादनाच्या शेजारी आणखी एक बटण आहे, 'इतिहास'. त्यात कोणी, कधी, काय बदललं ते ओळीने लिहिलेलं असतं. चौदा वर्षांत खैरओहळचं वाचायला आलेल्या एकाही माणसाने ते दाबलेलं नाही, धम्मपाल सोडून. ते दाबा. माझ्या तळाशी दाखले असतात, त्यातला एक तरी उघडून बघा, तो माझ्याचकडे परत येतो का ते बघा. आणि जिथे वही दहा पावलांवर असेल तिथे मला खिशात ठेवून ती दहा पावलं चाला. साहेब नसतील. किल्ली नसेल. सहा खेपा होतील.

शाळा सुरू झाली त्या वर्षी सुलाबाई सहा वर्षांच्या होत्या, आणि त्यांना वर्गात नव्हे, बाहेर ओट्यावर बसवलं जात होतं.