माझ्या वाटेत साखळी कुणी बांधली

मी एक जुना टेबल आहे. जेवणाचा नाही, साहेबाच्या सहीचा तर नाहीच. मी हॉस्पिटलच्या एक्स-रेच्या खोलीतला. माणसं माझ्यावर आडवी होतात, वरची कमान त्यांचे फोटो काढते आणि आतलं सगळं उघडं पडतं. मित्रांनो, आतलं बघायची सवय लागली की वरवरच्या गोडव्यावर विश्वास बसत नाही. म्हणून आधीच सांगतो, मी संशयी आहे.

पहिली शंका मला कारखान्यातच आली. पुसणारा माणूस मला फारच मायेने पुसत होता. म्हटलं, हा आपल्याला लांब धाडणार. धाडलंच. इथे आणून बोल्टांनी जमिनीला असं जखडलं की पाठ खाजली तरी हलायची सोय नाही.

मग वर्षानुवर्षं हाडांचं काम केलं. झाडावरून पडलेली पोरं आली आणि त्यांना उतरवायला चढलेले त्यांचे आजोबाही आले. हाडांचे डॉक्टर माझ्या कडेवर थाप मारून म्हणायचे, "आपला टेबल म्हणजे खडक." मी फुगायचो. नंतर कानावर आलं, नवीन टेबल मागताना हेच साहेब मला 'खटारा' म्हणत होते.

एक दिवस टेप घेऊन इंजिनिअर बाई आल्या. भिंती मोजल्या, छत मोजलं, मलाही मोजलं. मोजणारा माणूस दिसला की समजावं, आपलं काही खरं नाही.

"ही खोली आता एकट्या हाडांची नाही," बाई म्हणाल्या. "हृदयवाले, पोटवाले, सगळे इथेच काम करतील. कमान छतावरून सरकेल, टेबल फिरेल. जो येईल त्याच्यासारखी खोली."

म्हणजे बारभाईचा कारभार, मी मनात म्हटलं. पण बोल्ट निघाले, बुडाखाली फिरती बैठक आली, आणि मी गर्रकन फिरलो. इतकी वर्षं समोरची भिंतच बघत होतो. मागे खिडकी आहे हे तेव्हा कळलं.

तुम्हाला वाटेल, आता सगळे सुखाने नांदले असतील. छे. हाडांच्या डॉक्टरांना वाटलं, हृदयाच्या डॉक्टर मॅडम खोली बळकावणार. म्हणून त्यांनी आपलं कपाट आणून कोपऱ्यात भिंतीला पक्कं केलं. मॅडमना वाटलं, हाडवाले आपल्या तारा-नळ्या लांबवणार. त्यांनी आपली ट्रॉली आणून तिला सायकलला लावतात तसली कुलपाची साखळी घातली. साखळी अडकवायला खोलीत कडी एकच, हाडवाल्यांच्या कपाटाची. आणि ट्रॉली उभी कुठे? नेमकी माझ्या फिरायच्या वाटेत.

दोघं समोरासमोर आले की इतकं गोड बोलायचे की मला मुंग्या लागतील अशी भीती वाटायची.

असंच एका सकाळी शिडीवरून पडलेला रंगारी आला. मांडी मोडलेली, कपड्यांवर निळे शिंतोडे, सोबत थोरली बहीण. हाडांचे डॉक्टर फोटो बघत होते तेवढ्यात रंगाऱ्याने छातीवर हात ठेवला.

"डॉक्टर, पायाचं राहू द्या. इथे कुणीतरी चढून बसलंय."

त्याला दरदरून घाम फुटला. मॅडम धावत आल्या, तपासलं आणि म्हणाल्या, "हृदयाची नळी तुंबलीय. आत्ताच, इथेच उघडायला हवी. टेबल फिरवा."

कमान येईल तेवढी पुढे आली होती. त्याची छाती कमानीखाली आणायला उरलेलं अंतर मला फिरून कापायचं होतं. मी वळायला लागलो आणि ट्रॉलीला अडकलो.

"ट्रॉली बाजूला घ्या," हाडांचे डॉक्टर म्हणाले.

"कुलूप आहे," मॅडम म्हणाल्या.

"किल्ली?"

"सिस्टरच्या पर्समध्ये."

"आणि सिस्टर?"

"सुट्टीवर."

दारातून बहीण म्हणाली, "एवढे मोठे दोन डॉक्टर, आणि माझा भाऊ अडलाय सायकलच्या कुलपापाशी?"

मला वाटलं, झालं, आता हे दोघं भांडणार आणि हा बिचारा माझ्या अंगावरच जाणार.

"साखळी आमच्या कपाटाला का, ते नंतर विचारतो," हाडांचे डॉक्टर म्हणाले.

"कपाट इथे का, ते मीही नंतर विचारते," मॅडम म्हणाल्या.

डॉक्टर आपल्याच कपाटापुढे गुडघे टेकून बसले. हाडात स्क्रू बसवायचा स्क्रूड्रायव्हर त्यात होताच. मोडलेली मांडी सांधणाऱ्या माणसाला कपाटाची कडी काय जड? कडी सुटली, मॅडमनी साखळीसकट ट्रॉली ओढली आणि मी फिरलो. नळी उघडली. रंगाऱ्याचा श्वास मला पाठीवर जाणवला, हळूहळू सरळ होत गेलेला. माझा संशय त्या दिवशी साफ आपटला, आणि मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

शुद्धीवर तो होताच. कपाटाकडे बघून म्हणाला, "बरा झालो की भोकं बुजवून देतो."

कुबडी घेऊन तो खरंच आला. भोकं बुजवली. मग बहिणीच्या आधाराने खाली बसून, मी जिथवर फिरतो तिथवर जमिनीवर निळी रेघ ओढली. गोल आणि देखणी.

मित्रांनो, मला पुसा, तेल घाला, हे तर आहेच. पण माझी खरी काळजी घ्यायची तर त्या रेघेच्या आत काही ठेवू नका. ती जागा रिकामी दिसते, पण ती पुढच्या माणसासाठी राखलेली असते.

कालच रेघेच्या आत एक स्टूल दिसलं. दोन्ही डॉक्टर म्हणतात, आमचं नाही.

मी डोळा ठेवून आहे.