आठ वजनं आणि एक उंबरा

मुलांनो, डोळे मिटा असं काही मी सांगणार नाही, नाहीतर वाचाल कशी? पण मनातल्या मनात एक गाडी उभी करा. लहानशी, चार दारांची, मूळची निळी. आता तिचा रंग विचारला तर सांगणाराही जरा थबकेल अशी. तिच्या डिकीत आठ लोखंडी वजनं ठेवा. एकेक वजन वीस किलोचं, वर धरायला कडी. तुमच्या वर्गातली पाच-सहा मुलं डिकीत कोंबावीत, इतका भार. आता ही गाडी घेऊन शहराच्या अगदी मध्यभागी या आणि ती रात्रभर उभी करायला जागा शोधा. परवडेल अशी.

शोधा, शोधा. मला घाई नाही.

नाही ना सापडली? आपल्या गोष्टीतल्या बाबांनाही सापडत नव्हती, आणि ते सात महिने शोधत होते.

हे बाबा वजनकाटे तपासायचे. दुकानात, गोदामात, दवाखान्यात काटे असतात. ते खरं बोलतात की खोटं, हे कुणीतरी पाहावं लागतं. बाबा आपली वजनं काट्यावर ठेवत, आकडा बघत, बिघाड असला तर दुरुस्त करत आणि मग शिक्का मारत. सगळे त्यांना काटेवाले म्हणत. गाडीची मागची सीट काढून तिथे त्यांनी हत्यारांचं कपाट ठोकलं होतं. पुढे दोघांपुरतीच जागा उरली होती, एक त्यांची आणि एक मुलीची. मुलगी दहा वर्षांची, पण अंगानं इतकी बारीक की ते तिला छटाक म्हणत. छटाक म्हणजे जुन्या काळचं एक छोटंसं माप. शाळा सुटली की बाबा तिला गाडीत घेत, आणि दिवसाची शेवटची एक-दोन कामं दोघं मिळून करत.

आई मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होती. पहाटे पाचला तिला शेगडीपाशी उभं राहावं लागे. त्या वेळी बस नसते. म्हणून हे तिघं शहराच्या मध्यात, इस्पितळापासून सात मिनिटांच्या वाटेवर, तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहत.

घर मिळालं, पण घराबरोबर गाडीची जागा मिळाली नाही. रस्त्यावर गाडी लावायचा परवाना पालिकेच्या कचेरीत मिळे, तोही आधी घरमालकांना आणि उरलाच तर भाडेकरूंना. खिडकीतल्या बाईंनी बाबांना यादीतला क्रमांक सांगितला, तेव्हा बाबांना वाटलं, त्या कुणाचा फोन नंबर देताहेत. चौकातल्या तळघरात पार्किंग होतं. त्याचं महिन्याचं भाडं ऐकून आई म्हणाली, "मग असं करू, घर सोडू आणि तिघंही तिथे गाडीतच राहू."

नदीपलीकडे एक मोकळं मैदान होतं. तिथे गाडी फुकट लावता येई. पण वजनं तिथे सोडता येत नसत. लोखंड लगेच चोरीला जातं, आणि शिक्क्याची वजनं गेली की बाबांचं काम बंद. म्हणून रोज संध्याकाळी बाबा गाडी दारासमोर उभी करत. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत. बाबा दोन हातांत दोन वजनं घेऊन तीन जिने चढत, उतरत, पुन्हा चढत. अशा चार फेऱ्या. मग गाडी नदीपलीकडे नेऊन ठेवायची आणि पंचवीस मिनिटं चालत परत यायचं. सकाळी हेच सगळं उलटं.

जेवायला बसताना बाबा भिंतीला धरून हळूहळू खाली टेकत. डॉक्टर म्हणाले होते, "पाठ काय रबराची वाटली तुम्हाला?" बाबा म्हणाले, "नाही. पण बदलून मिळत असेल तर बघा."

शेवटी आईबाबांनी ठरवलं. महिनाअखेरपर्यंत जागा मिळाली नाही, तर शहराच्या टोकाला राहायला जायचं. तिथे गाड्या कुठेही लावता येतात. पण तिथून पहाटे पाचला आई इस्पितळात पोहोचू शकणार नव्हती, म्हणजे तिची नोकरी जाणार. छटाकची शाळाही सुटणार. यावर घरात कुणी भांडलं नाही. भांडायलाही अंगात थोडा जोर लागतो.

आणि महिना संपायला आठ दिवस उरले असताना चष्मेवाल्या आजी भेटल्या.

दोन इमारती पलीकडे त्यांचं घर होतं. खाली त्यांनी चाळीस वर्षं चष्म्याचं दुकान चालवलं होतं. घरामागे छोटं अंगण, त्याला लोखंडी गेट, आत एका गाडीपुरती जागा. "गावभराच्या डोळ्यांचे नंबर काढले आणि आता मलाच दिसेना. गाडी विकून टाकली," आजी म्हणाल्या. त्यांनी सांगितलेलं भाडं ऐकून बाबांनी दोनदा विचारलं, "महिन्याचं ना?" गेटला कुलूप, म्हणजे वजनं रात्रभर गाडीतच राहू शकणार होती. जिना नाही, नदी नाही. कोपऱ्यावरच्या फुलवाल्यालाही आपल्या टेम्पोसाठी ती जागा हवी होती, पण काटेवाले आधी आले म्हणून आजींनी त्यांना शब्द दिला.

रविवारी बाबांनी टेपनं सगळं मोजलं. लांबी, रुंदी, आरसे बाहेर काढून, आरसे मिटून. गेटखाली हातभर रुंद दगडी उंबरा होता. गेटची खिट्टी त्याच्याच भोकात बसायची. उंबऱ्याची उंचीही मोजली. मग गाडी आत घातली. ती म्यानात तलवार जावी तशी गेली. बाबा हसले. छटाकनं त्यांना बऱ्याच दिवसांनी हसताना पाहिलं.

सोमवारी संध्याकाळी कामावरून परतताना बाबांनी गाडी वळवली, पुढची चाकं उंबऱ्यावरून गेली, आणि मग खालून आवाज आला. खर्रर्र!

तुमच्या आलं का लक्षात? रविवारी वजनं घरात होती. गाडी रिकामी होती. अख्ख्या शहराचं वजन तपासणारा माणूस नेमकं आपल्याच डिकीतलं वजन धरायला विसरला होता. आठ वजनांनी गाडीचा मागचा भाग चांगला चार बोटं खाली दबला होता.

आजी काठी टेकत बाहेर आल्या. त्यांनी वाकून दगडावरचा पांढरा ओरखडा पाहिला. "काटेवाले, मी तुम्हाला शब्द दिलाय. पण दगडाला शब्द कळत नाही. हा फुटला तर गेट बंद व्हायचं नाही, आणि मी एकटी राहते. उद्या संध्याकाळी पुन्हा बघा. उद्याही लागलं तर मी फुलवाल्याला हो म्हणणार. राग मानू नका."

"नाही हो, राग कसला," बाबा म्हणाले. आणि त्या संध्याकाळी पुन्हा चार फेऱ्या, पुन्हा नदी.

मंगळवारी शाळेनंतर बाबांनी छटाकला घेतलं. काम रद्दी कागदाच्या गोदामात होतं. तिथे जमिनीलगतचा मोठा काटा होता, दाराच्या फळीएवढा पाटा असलेला. असा काटा तपासताना वजन आधी मध्यभागी ठेवतात आणि मग चारही कोपऱ्यांत एकेकदा. बाबा वजन ठेवायचे, आकडा बघायचे, उचलायचे.

"कोपऱ्यात कशाला ठेवायचं? वजन तर तेच आहे," छटाक म्हणाली.

"लोक गठ्ठा नेहमी मध्यात थोडाच ठेवतात? पटकन काठावर टाकतात. मग सगळा भार तिथल्याच पायावर येतो."

छटाकनं खाली बसून पाहिलं. वजन तिसऱ्या कोपऱ्यात होतं, आणि पाटा त्या बाजूला अगदी नखभर कलला होता. बाबांनी ते वजन उचलून मध्यात ठेवलं, तसा पाटा सरळ झाला.

साडेपाचला ते आजींच्या गेटपाशी पोहोचले. फुलवाला आधीच भिंतीला टेकून उभा होता.

"काय काटेवाले, गाडीनं बसकण मारली म्हणे?"

"तुम्हाला कुणी बोलावलं?" बाबा म्हणाले.

"आजींनी. निकाल लागेपर्यंत थांब म्हणाल्या. माझी फुलं तिकडे टेम्पोत मान टाकताहेत."

"माझीही टाकायला आलीय," बाबा म्हणाले.

छटाक खाली उतरली आणि गाडीखाली बघत बसली. बाबांनी गाडी इतकी हळू घेतली की चाकं फिरताहेत की नाही ते कळेना. पुढची चाकं गेली. मग खर्र. अगदी थोडंसं, पण खर्र. बाबांनी गाडी मागे घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून तसेच बसून राहिले.

"बाबा, एक विचारू?"

"आत्ता नको गं."

"पण बाबा..."

"छटाक, मी दमलोय. आपण घरी जाऊ, आईला सांगू, आणि झालं."

आजींनी चष्मा काढून पदराच्या टोकानं पुसला. फुलवाला इकडेतिकडे बघू लागला. जिंकणाऱ्या माणसालाही कधीकधी कुठे बघावं ते कळत नाही.

छटाक काचेजवळ गेली. "बाबा, गाडीलाही चार कोपरेच आहेत ना?"

"हो."

"मग आपली सगळी वजनं मागच्याच दोन कोपऱ्यांवर का?"

"कारण डिकी मागे असते, बाळा."

मग त्यांनी मान वळवून शेजारच्या सीटकडे पाहिलं. त्या सीटपुढच्या, पाय ठेवायच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. दार उघडून ते खाली उतरले, डिकी उघडली आणि पहिलं वजन पुढे नेऊन पायाशी ठेवलं. दुसरं उचलताना त्यांना कमरेवर हात ठेवून थांबावं लागलं.

"सरका," फुलवाला म्हणाला. "हरायचंच असेल तर निदान लवकर तरी हरू." त्यानं ते वजन उचललं आणि लगेच त्याचा चेहरा बदलला. "हे तुम्ही रोज तिसऱ्या मजल्यावर नेता?"

"दोन्ही हातांत एकेक," छटाक म्हणाली.

आणखी दोन वजनंही फुलवाल्यानंच पुढे नेली. आता दोन वजनं पुढे पायाशी होती, दोन छटाकच्या सीटवर आणि चार डिकीत. गाडीची मागची बाजू बरीच वर आली होती.

बाबा पुन्हा स्टिअरिंगपाशी बसले. छटाक जमिनीवर पालथी झाली, गाल दगडाजवळ. पुढची चाकं गेली. गाडीचं पोट उंबऱ्यावर आलं, सरकलं, आणखी सरकलं. आवाज नाही. मागची चाकं टुणकन आत उतरली.

"किती राहिलं होतं?" आजींनी विचारलं.

"बोटभर!"

"तुझं की माझं?"

"माझं," छटाक म्हणाली.

आजींनी थोडा विचार केला. "असू दे. आत आली ना." आणि त्यांनी किल्ली बाबांच्या हातावर ठेवली. फुलवाला म्हणाला, "बरं, फुलं तरी वाचवतो," आणि निघून गेला.

बाबा गाडीतून उतरले नाहीत. शेजारच्या सीटवर दोन वजनं बसली होती. रोज गेटपाशी ती मागून पुढे हलवणं बाबांच्या पाठीला झेपलं नसतं, म्हणून ती दिवसभर तशीच राहणार, उद्या, परवा, रोज. काटे तपासताना काढायची आणि पुन्हा तिथेच ठेवायची. शाळा ते घर पायी अर्धा तास होता, आणि त्या दोघांना दिवसात एकमेकांशी बोलायला मिळे ते गाडीतच.

"छटाक," बाबा हळूच म्हणाले, "पण मग तू कुठे बसणार?"

छटाकनं त्या सीटकडे पाहिलं. मग पलीकडचं दार उघडून तिनं पट्टा ओढला, दोन्ही वजनांच्या कड्यांतून ओवला आणि खटकन लावला. दोनदा हिसका देऊन तो नीट बसलाय का ते पाहिलं. आणि दप्तर पाठीवर टाकून ती पायी घराकडे निघाली, आईला सांगायला.