देवरानातून उचललेला दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. मुठीत मावेन एवढाच, पण स्वभाव फार काळजीखोर. दगडाला कसली आलीय काळजी, म्हणून हसू नका. आधी ऐका.

माझं घर जपानमधल्या एका देवरानात. तिथल्या जुन्या झाडांना गवताचे जाड दोर बांधलेले असतात. म्हणजे हे झाड देवाचं, याला हात लावायचा नाही. शेकडो वर्षांत तिथे कुणी कुऱ्हाड नेलेली नाही. माझ्या पाठीवर हिरवंगार शेवाळ होतं आणि मी सुखात होतो.

२०१६ साली उल्काताई तिथे सहलीला आल्या. नर्मदेतला गोटा घरी आणतात ना, तसं त्यांनी नमस्कार करून मला भक्तिभावाने पर्समध्ये ठेवलं. सिंगापूरला, पुंगोल भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, मी देव्हाऱ्यात बसलो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ब्रशने घासून लख्ख केलं. किती वर्षांचं शेवाळ, पाच मिनिटांत गेलं हो! मग रोज गंध, फूल, दूध. कौतुकाला तोटा नव्हता, पण जीव काही रमेना.

एका रविवारी त्यांच्या नवऱ्याच्या, श्रीनिवासरावांच्या, ऑफिसातले जपानी सहकारी हिराओका पोहे खायला आले. उल्काताईंनी मोठ्या हौसेने मला दाखवलं. हिराओकांचा चमचा हातातच राहिला.

"त्या रानातून आम्ही वाळकं पानसुद्धा बाहेर नेत नाही," ते हळूच म्हणाले.

उल्काताईंचा चेहरा उतरला. पाहुणे गेल्यावर म्हणाल्या, "अगं बाई! आमच्या गावच्या देवराईतही हाच नेम. साधी काटकी उचलली तरी बाबा रागवायचे. माझी मती कुठे गेली होती?"

"एवढं काय त्यात?" श्रीनिवासराव म्हणाले. "लिफ्टपाशी कचरा खाली सोडायची चूट आहे, दे टाकून."

दहाव्या मजल्यावरून थेट कचऱ्यात!

"देवाचा दगड कचऱ्यात? काहीतरीच तुझं!" उल्काताई कडाडल्या. तरी पुढचे चार दिवस कुणाच्या हातात कचऱ्याची पिशवी दिसली, की मी घाबरायचो.

पाचव्या दिवशी त्यांनी हिराओकांकडून तिथल्या देवळाचा पत्ता घेतला, क्षमेची चिठ्ठी लिहिली आणि मला रुमालात गुंडाळून पोस्टात नेलं. काउंटरवरच्या आंटीने फॉर्म वाचला.

"स्टोन? गिफ्ट, इज इट?"

उल्काताईंनी मान खाली घातली. "नो, आंटी. आय टुक इट. नाऊ गिव्हिंग बॅक."

आता मी खोक्यात आहे. वाटेत हरवलो तर? चिठ्ठी कुणी वाचलीच नाही तर? फार धाकधूक होते. मित्रांनो, अशा रानात गेलात तर मनभर पाहा, नमस्कार करा आणि हात रिकामेच परत आणा. कुणी उचलू लागलं, तर आम्हाला नको म्हणता येत नाही.