मास्तरांचा बोलका दिवस

डॉक्टरांनी ‘जाईल’ हा शब्द काही शेवटपर्यंत उच्चारला नाही. “आवाजात बदल होईल,” एवढंच म्हणत राहिले. टेलर मास्तरांच्या बायकोचं टाळकं तिथंच सरकलं. बदल म्हणजे काय, जाड होणार की बारीक? शेवटी तिनंच विचारलं, “म्हणजे आवाज जाणारच ना?” तर म्हणाले, “तसंही म्हणता येईल.” तसंही काय, डोंबल. गळ्यातली गाठ स्वरयंत्रासकट काढणार, म्हणजे ऑपरेशननंतर मास्तर पूर्वीसारखे बोलणार नाहीत. एवढं सरळ सांगायला शिकल्यासवरल्या माणसाची जीभ का रेटू नये, देव जाणे.

लेकीला दिवस गेलेले, तिला प्रवासाची मनाई. फोनवर ती रडून रडून एकच सांगत होती, “आई, बाबांचा आवाज फोनमध्ये भरून ठेव. काहीही बोलू देत. बाळाला ऐकवायला हवा.” बायकोनं शब्द दिला. त्यात काय मोठंसं, असं तिला वाटलं होतं.

संध्याकाळी दवाखान्यात दाखल व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. तरी मास्तर आपले सकाळीच दुकानात, दोन-चार कपडे द्यायचे राहिलेत म्हणून. ती मागोमाग गेली. कापडं बेतायच्या टेबलावर रिळांच्या डब्याला फोन टेकवून उभा केला, लेकीनं शिकवलेलं बटण दाबलं आणि म्हणाली, “हं, बोला.” मास्तरांनी घसा खाकरला. तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक आत आलं.

इथं मास्तरांची एक खोड सांगायला हवी. माप घेताना ते ओठांत टाचण्या धरायचे. त्यामुळे बोलायचं गिऱ्हाइकानं आणि मास्तरांनी नुसतं ‘हं’ करायचं, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता पडला होता. लोक शर्ट शिवायला कमी आणि पोटातलं ओकायला जास्त यायचे. आणि आज तर काय, सगळी गल्लीच मास्तरांचा आवाज शेवटचा ऐकायला म्हणून निघाली होती.

आधी बँकेतून निवृत्त झालेले साहेब. “मास्तर, कळलं हो. फार वाईट वाटलं,” असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली. मग त्यांच्या लहानपणी त्यांचे टॉन्सिल कसे काढले, ते किती शूर होते, नर्स काय म्हणाली, सगळं आलं. नर्सचं कौतुक संपतंय तोवर बेकरीवाल्या काकू आल्या. तुम्हाला बघून मला माझे दीरच आठवले म्हणाल्या, आणि दिरांवरून जी गाडी घसरली ती थेट जावेच्या दागिन्यांपर्यंत. त्या दम घ्यायला थांबल्या तोच कॉलेजातले सर हजर. त्यांना गल्लीत ‘प्रवचन’च म्हणायचे. “बदल हा जगाचा नियम आहे मास्तर,” ते म्हणाले. “आता माझंच बघा. चष्म्याचा नंबर वाढला, केवढा हादरलो होतो मी.”

मास्तर आपले मान हलवतायत, हं हं करतायत. आज ओठांत एकही टाचणी नव्हती, तरी तेच. आणि बायको शिवणयंत्राच्या मागे उभी राहून नुसती धुमसतेय. अरे, हा माणूस उद्यापासून मुका होणार आणि तुम्ही त्याला चष्म्याचा नंबर कसला सांगताय? कोणी एकानं तरी विचारा की, मास्तर, तुम्हाला काय वाटतंय? पण नाही. मास्तरांचं नाव तोंडात धरून जो तो आपलंच दळण दळत होता.

दुपार कलली तेव्हा तिनं सरांना जवळजवळ हाताला धरूनच बाहेर काढलं आणि शटर खाली ओढलं. “आता बोला,” ती स्टुलावर बसत म्हणाली. “कोणी येत नाही.”

“काय बोलू?” मास्तरांनी विचारलं.

झालं. तिचा पारा चढला. “काय बोलू म्हणजे? मी सकाळपासून ताटकळतेय ते कशासाठी? तुमचं काय, तुम्ही गप्प बसून मोकळे. उद्यापासून गिऱ्हाईक कोणी सांभाळायचं? नळवाल्याशी हुज्जत कोणी घालायची? माझे गुडघे तर असे. लेकीचं बाळंतपण कोणी करायचं?” आणि मग जे सुरू झालं ते थांबेचना. लग्नातली कुरबुर निघाली, सासूबाई निघाल्या, कधी न सांगितलेलं असं बरंच काही निघालं. टॅक्सीवाल्यानं बाहेर हॉर्न दिला तेव्हाच ती भानावर आली.

टॅक्सीत तिनं फोन कानाला लावला. काय भरलं गेलंय ते तरी बघावं म्हणून. साहेबांचे टॉन्सिल होते, काकूंचे दीर होते, आणि शेवटी तिची स्वतःची बडबड, लांबच लांब. मास्तरांचं नुसतं हं, आणि एक ‘काय बोलू?’ तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर लोकांच्या नावानं खडे फोडले आणि शेवटचा वेळ स्वतःच गिळून बसली.

“अहो, मला गप्प का नाही केलंत?” तिनं फोन खाली घेत विचारलं.

“बरं वाटत होतं,” मास्तर म्हणाले. घसा घोगरा, पण शब्द स्पष्ट. “ते कोपऱ्यावरचे घड्याळजी आहेत ना, त्यांना ऐकू येईनासं झालं. आधी लोक ओरडून बोलायचे. मग खुणा करायला लागले. आता घड्याळ पुढ्यात ठेवतात आणि निघून जातात. मला ऑपरेशनची भीती नाही गं. माझं तसं होईल, याची वाटते. आज सगळे येऊन आपलं आपलं सांगत बसले, तेव्हा वाटलं, नाही होणार कदाचित.” मग म्हणाले, “तू तरी थांबू नकोस. आजच्यासारखीच भांडत जा माझ्याशी. मला ऐकू येणार आहे.”

डोळे पुसायलासुद्धा तिनं हात वर केला नाही. मास्तर पुढं बोलायला लागले होते, आपणहून. सासूबाईंचं तिनं काढलं होतं त्यावर, म्हणजे आई तिला बोलायची तेव्हा आपण बायकोची बाजू घ्यायला हवी होती आणि जीभ उचलली नाही, त्यावर. संसारात इतकं सलग त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. फोन तिच्या मांडीवर होता. बटण दाबायला बोट हललं तरी हा माणूस गप्प होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. लेकीला काय सांगायचं ते सांगू. तिनं फोन पर्समध्ये टाकला.

दवाखान्याचं फाटक आलं. टॅक्सी हळू झाली. मास्तरांचं वाक्य अर्धं झालं होतं. तिनं आरशातून टॅक्सीवाल्याकडं बघितलं आणि हवेत बोट फिरवून खूण केली, आणखी एक चक्कर मार. त्यानं काही न विचारता गाडी फाटकापुढून सरळ नेली.